रोबोकॉप (२०१४): हात राखून केलेला रीमेक

१९८७च्या ‘रोबोकॉप’मध्ये जेमतेम मिनिटभराचा एक प्रसंग आहे. ॲलेक्स मर्फी हा पोलीस मेला आहे, एक कंपनी त्याच्या देहातून यंत्र-पोलीस घडवतेय आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जागी आहे. चित्र मधूनच खरखरतं, मधूनच विझतं. तंत्रज्ञ खुशीत येऊन सांगतात, डावा हात वाचवता आला. प्रकल्पप्रमुख बॉब मॉर्टन वैतागतो. अख्खं शरीर बदलायचं ठरलं होतं ना? मग काढा तो हात. शेजारचा सहकारी कायद्याची बाजूही निकालात काढतो: नोकरीत शिरतानाच याने कागदावर सही केलीय, कायद्याने हा मेलेला आहे, आपण काय वाटेल ते करू शकतो.

२०१४च्या रीमेकमध्ये कंपनी बरोबर उलटं करते. मर्फीचं जवळजवळ सगळं शरीर गेलं तरी उजव्या हाताचा पंजा तेवढा खरा ठेवते. काळ्या चिलखताच्या टोकाला हाडामांसाचा, नखं असलेला पंजा. लोकांशी हात मिळवता यायला हवा ना! मालाला माणसाचा स्पर्श असला की माल खपतो.

दोन्ही सिनेमांतला फरक या दोन हातांत आहे. पहिल्यात माणूस मरतो, कंपनीच्या मालकीची वस्तू होतो आणि त्या वस्तूच्या आतून माणूस हळूहळू वर येतो. दुसऱ्यात माणूस मरतच नाही. शुद्धीवर येतो, त्याला सगळं आठवतं, बायकोने संमतीच्या कागदावर सही केलेली असते आणि मग त्याच्यातला माणूस एकेक खटका दाबून बंद केला जातो. प्रवासाची दिशाच उलटी आहे. कल्पना म्हणून ही भारी आहे, आणि सिनेमाचा पहिला तास त्या जोरावरच उभा राहतो. दुसऱ्या अर्ध्यात मात्र दिग्दर्शकाने, की त्याच्या मागे उभ्या असलेल्या स्टुडिओने, हात राखून काम केलंय. (पुढे दोन्ही सिनेमांचं कथानक शेवटासकट उघड केलं आहे.)

दिग्दर्शक जोसे पाडिल्या ब्राझीलचा. ‘एलिट स्क्वॉड’ या त्याच्या पोलिसी हिंसेवरच्या सिनेमाला २००८मध्ये बर्लिन महोत्सवाचं गोल्डन बेअर मिळालं होतं. मूळ सिनेमाचा दिग्दर्शक पॉल व्हर्होवन डच. म्हणजे दोन्ही वेळा अमेरिकेवरचं हे व्यंग बाहेरच्या माणसाच्या हाती गेलं. व्हर्होवनने तिरकस टोमणे मारले. पाडिल्याचा स्वभाव वेगळा, तो तावातावाने वाद घालतो. रीमेक बघताना एवढं ध्यानात ठेवलं तर अपेक्षाभंग बराच कमी होतो. इथे मूळ सिनेमातल्या खोट्या जाहिराती नाहीत, त्यातला टीव्हीवरचा चावट विनोदवीर नाही, हसता हसता घशात अडकावं असं फारसं काही नाही. ती जागा सॅम्युअल एल. जॅक्सनच्या पॅट नोव्हाक या टीव्ही निवेदकाने घेतली आहे. एमजीएम स्टुडिओच्या बोधचिन्हातला सिंह पडद्यावर येतो आणि डरकाळीऐवजी नोव्हाकने ओठ फडफडवत केलेला आवाजाचा रियाज ऐकू येतो. अख्ख्या सिनेमातला सर्वांत व्हर्होवनी विनोद हाच, आणि तो कथा सुरू व्हायच्या आधीच संपतो.

सुरुवात तेहरानमध्ये होते. साल २०२८. ओम्निकॉर्प या कंपनीचे यंत्रमानव रस्त्यावर उतरून लोकांची झडती घेतायत, माणसं हात वर करून उभी आहेत आणि नोव्हाकची वाहिनी हे सगळं शांततेचं यश म्हणून थेट दाखवतेय. मग काहीजण आत्मघाती हल्ला करतात. मारणं हा त्यांचा मुख्य हेतूच नाही, त्यांना टीव्हीवर दिसत मरायचं आहे. एक पोरगा घरातून चाकू घेऊन धावत येतो. समोर ईडी-२०९, घरापेक्षा उंच वाटणारं यंत्र. यंत्राच्या हिशेबात चाकू म्हणजे शस्त्र आणि शस्त्र म्हणजे धोका. वाहिनी तेवढ्यात प्रक्षेपण तोडते. पाडिल्या आपल्या अंगभूत ताकदीने काम करतोय असं इथे पटतं: हातातला कॅमेरा, गर्दी, धूळ, आणि वरून निवेदकाचा तुपाळ आवाज.

परदेशात चालणारे हे यंत्रमानव खुद्द अमेरिकेत मात्र ड्रायफस कायद्यामुळे वापरता येत नाहीत. ज्याला काही वाटत नाही त्याच्या हाती बंदूक नको, असं त्या कायद्याचं सूत्र. ओम्निकॉर्पचा प्रमुख रेमंड सेलर्स यावर तोड काढतो: यंत्रात माणूस घाला. मायकल कीटनने हा सेलर्स फार हुशारीने रंगवलाय. आरडाओरडा नाही, राक्षसी हसू नाही. चांगल्या मूडमधला, पायात बूट घालून जगाचं भलं करायला निघालेला मालक. मर्फीचं पहिलं रूपेरी चिलखत बघून तो म्हणतो, जरा लढाऊ वाटू दे, काळा करून टाका. मूळ चिलखतावर प्रेम करणाऱ्या चाहत्यांना ही चपराकही आहे आणि स्टुडिओच्या बैठकांवरचा विनोदही. आपल्यालाच लागू पडणारा टोमणा सिनेमाने स्वतःच्या तोंडी घातलाय, याचं कौतुक वाटतं.

आता ज्यासाठी हा सिनेमा बघायचा तो प्रसंग. गाडीला लावलेल्या स्फोटात मर्फी होरपळतो. शुद्धीवर येतो तेव्हा तो चीनमधल्या प्रयोगशाळेत आहे. पळून जायचा प्रयत्न करतो, कारखान्यातून धावत भातखाचरांपर्यंत पोचतो आणि तिथे त्याला बटण दाबून बंद केलं जातं. परत आणल्यावर तो त्याला हे रूप देणाऱ्या डॉ. नॉर्टनला सांगतो, माझं काय उरलंय ते दाखव. समोर आरसा. यंत्राचे हात एकेक भाग सोडवतात: पाय, धड, एक हात. शेवटी उरतो चेहरा, गळा, पारदर्शक वेष्टणात फुगणारी-आवळणारी फुप्फुसं, धडधडणारं हृदय आणि तारांच्या टोकाला लोंबणारा तो उजवा पंजा. कवटीची मागची बाजू उघडी, मेंदू दिसतोय.

रक्ताचा थेंबही न सांडता हा प्रसंग अंगावर येतो, आणि त्याला कारणं आहेत. श्वास अभिनयाशी जोडलाय. मर्फी झालेल्या जोएल किनामनच्या चेहऱ्यावर भीती वाढते तशी फुप्फुसांची गती वाढते. तो गिळतो तेव्हा गळ्याखालची नळी हलते. संगणकावर काढलेला भाग चेहऱ्याच्या मागे-मागे चालतो, पुढे पळत नाही. दुसरं म्हणजे संकलनाची घाई नाही. आपण नजर वळवावी इतका वेळ चित्र टिकतं. तिसरं, गॅरी ओल्डमनचा नॉर्टन. त्याला स्वतःच्या कामाचा अभिमानही वाटतो आणि लाजही, आणि दोन्ही एकाच वेळी चेहऱ्यावर दिसतात. मर्फी म्हणतो, मला मरायचंय. नॉर्टन बायकोचं, मुलाचं नाव काढतो. एका डॉक्टरने केलेली ही भावनिक सक्ती आहे, आणि सिनेमा ती सक्ती म्हणूनच दाखवतो. मूळ सिनेमात असा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण तिथला मर्फी विचारायला शिल्लकच नव्हता.

नॉर्टनची ओळख करून देणारा आधीचा छोटा प्रसंगही नीट बघा. कृत्रिम हात बसवलेला एक रुग्ण गिटार वाजवतोय. सुरेख वाजवतोय. बायको भारावते, तोही भावूक होतो आणि त्याच क्षणी बोटं चुकायला लागतात. नॉर्टन सांगतो, भावना आवरा, त्या यंत्रणेत अडथळा आणतात. रुग्ण म्हणतो, पण वाजवायला मला भावना लागतात. सिनेमाचं सगळं बीज या दोन वाक्यांत आहे. पटकथाकार जोशुआ झेटुमरला मूळ लेखक एडवर्ड न्यूमायर आणि मायकल मायनर यांच्या सावलीत लिहायचं होतं. इथे तो त्या सावलीबाहेर आहे.

पुढे हेच बीज तांत्रिक होतं. सराव-चाचणीत मर्फी साध्या यंत्रमानवापेक्षा हळू ठरतो. कारण उघड आहे: तो गोळी झाडण्याआधी विचार करतो. ओलीस माणूस दिसला की क्षणभर थबकतो. सेलर्सला हा क्षणभर परवडत नाही. मग नॉर्टन मेंदूत फेरफार करतो. लढाईची वेळ आली की डोळ्यांवरची काच खाली येते, सॉफ्टवेअर सूत्रं हाती घेतं आणि मर्फीला मात्र वाटत राहतं की निर्णय आपलाच. यंत्र करतं, माणसाला आपण केल्यासारखं वाटतं. चाचणीत तो मग सगळ्यांना धूळ चारतो. पडद्यावर जल्लोषाचं गाणं, आणि आपल्याला कळलेलं असतं की हा माणूस आत बसलेला प्रवासी आहे. कायद्याने मागितलेला माणूस आत आहे, पण चाकावर त्याचा हात नाही. ट्रिगर कोणी दाबला, जबाबदार कोण, हा प्रश्न स्वयंचलित शस्त्रांच्या काळात १९८७पेक्षा जास्त टोचणारा आहे. पाडिल्याने तो बरोबर जागी ठेवला.

डेट्रॉइटला परतल्यावर गुन्ह्यांची सगळी माहिती मर्फीच्या डोक्यात उतरवतात. त्यात स्वतःच्या गाडीच्या स्फोटाचं चित्रणही असतं. तो कोसळतो. त्याला लोकांसमोर आणायचा समारंभ काही मिनिटांवर आलेला. नॉर्टन त्याच्या मेंदूतलं डोपामिन, म्हणजे भावनांशी जोडलेलं रसायन, उतरवत जातो, आणि बाहेर येतो तो बायकोमुलाकडे न बघता पुढे निघून जाणारा गणवेश. इथवर सिनेमा घट्ट आहे.

मग सैलावतो. पहिलं कारण खलनायक. १९८७मध्ये क्लॅरन्स बॉडिकर होता. चष्मा घातलेला, कारकुनासारखा दिसणारा क्रूर माणूस. मर्फीचा हात तो बंदुकीने उडवतो आणि त्यावर विनोद करतो. तो प्रसंग बघताना प्रेक्षकाच्या पोटात जे तयार होतं, त्या इंधनावर पुढचा सूडप्रवास चालतो. रीमेकमध्ये अँटोइन व्हॅलन हा शस्त्रविक्या आहे, दोन भ्रष्ट पोलीस आहेत, रिक मॅटॉक्स हा खवचट लष्करी प्रशिक्षक आहे आणि वर सेलर्स. राग चार ठिकाणी वाटला गेला की कुठेच साठत नाही. व्हॅलनने बॉम्ब लावला, पण तो समोर उभा राहून हसला नाही. मर्फी त्याला संपवतो तेव्हा आपल्याला सुटल्यासारखं वाटत नाही, फक्त यादीतलं एक नाव खोडलं जातं. जॅकी अर्ल हेलीचा मॅटॉक्स तेवढा लक्षात राहतो, आणि तोही तोंडाळपणामुळे.

दुसरं कारण प्रमाणपत्र. मूळ सिनेमा अमेरिकेत आर (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) प्रमाणपत्रासाठी पुन्हा पुन्हा कात्री लावून न्यावा लागला होता. रीमेक पीजी-१३ आहे, म्हणजे त्याहून सौम्य, तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना फक्त सावध करणारं प्रमाणपत्र. म्हणजे हिंसा चालेल, जखम दिसता कामा नये. परिणाम बघा. लढाईत समोर बहुतेक वेळा यंत्रमानव येतात, कारण यंत्र फुटलं तर ठिणग्या उडतात, रक्त नाही. व्हॅलनच्या अड्ड्यावरची मोठी चकमक अंधारात आहे. दिवे जातात, बंदुकांच्या तोंडाचा लखलखाट आणि उष्णतादर्शक दृश्यं उरतात. सुरुवातीला ते आकर्षक वाटतं. मग कोण कुठे आहे, कोणाला लागलं, अंतर किती, काही कळेनासं होतं आणि शेजारी कोणीतरी व्हिडिओ गेम खेळतंय नि आपण बघतोय अशी अवस्था होते. १९८७मध्ये संचालकांच्या बैठकीत ईडी-२०९ बिघडतं आणि एका तरुण अधिकाऱ्याची चाळण करतं, तेव्हा ते हास्यास्पद वाटेपर्यंत लांबवलेलं असतं. हिंसा वाजवीपेक्षा जास्त, म्हणून व्यंग. तो अतिरेक काढला की व्यंगाचा दातच निघतो. एकाच सिनेमात फुप्फुसं उघडी दाखवायची परवानगी आणि गोळी लागलेल्या माणसाचा सदरा मात्र स्वच्छ, ही विसंगती शेवटपर्यंत डाचत राहते.

तिसरं वजन. मूळ चिलखत रॉब बोटीनने घडवलं होतं. तिथला मर्फी झालेल्या पीटर वेलरने मूकाभिनयाचे शिक्षक मोनी याकीम यांच्याकडे चालीवर काम केलं होतं. डोकं आधी वळतं, धड मागून येतं. चिलखत इतकं बोजड की ते घालून गाडीत बसता येत नसे; म्हणून गाडीतल्या प्रसंगांत वेलर बहुधा वरच्या अर्ध्याच वेशात असे. या अडचणीतूनच ती शैली आली. प्रत्येक पाऊल फरशीवर पडतं, ऐकू येतं, आणि माणूस दोन टनांचा वाटतो. ईडी-२०९ तर फिल टिपेटच्या चमूने एकेक चौकट टिपून चालवलेली बाहुली. जिन्यावरून गडगडत खाली येऊन लहान मुलासारखं किंचाळणारी ती बाहुली आजही हसवते. २०१४चा मर्फी धावतो, उड्या मारतो, मोटरसायकलवर बसतो. गाडीचा प्रश्न सुटला, पण गुरुत्वाकर्षणही सुटलं. चिलखत खरंच अंगावर घालता येईल असं बनवलेलं आहे, जवळून उत्तम दिसतं. अडचण संगणकीय उड्यांची आहे. शंभर किलोंचं काही जमिनीवर आदळलं की जमिनीने थोडं सोसायला हवं. इथे धूळसुद्धा बेताने उडते.

काचेबद्दलही तेच. मूळ सिनेमात चेहरा झाकलेला, दिसते ती हनुवटी. शेवटाकडे, ओसाड पोलाद कारखान्यात, तो यंत्राने स्क्रू काढून शिरस्त्राण उतरवतो आणि सहकारी लुईसने धरलेल्या पत्र्यात स्वतःला बघतो. इतका वेळ रोखून धरलेली गोष्ट म्हणून तो क्षण मोठा. रीमेकमध्ये काच वरखाली होते, चेहरा बराच वेळ उघडाच. यामागे तर्क आहे, कारण काच खाली म्हणजे यंत्र, वर म्हणजे माणूस. किनामनला अभिनयाला जागाही मिळते आणि तो ती वाया घालवत नाही. पण रोखून धरायला काही उरत नाही. घराचंही असंच झालंय. वेलरचा मर्फी विकायला काढलेल्या रिकाम्या घरात शिरतो, आठवणींचे तुकडे सापडतात आणि तो दलालाची बडबड चालू असलेला पडदा फोडतो. बायको-मुलगा आपल्याला जेमतेम दिसलेले असतात. रीमेकमध्ये ते पूर्ण वेळ हजर आहेत आणि बायको झालेल्या ॲबी कॉर्निशच्या वाट्याला वाट बघणं आणि डोळे पुसणं यापलीकडे फार काही आलेलं नाही.

सर्वांत मोठी पळवाट शेवटी आहे. १९८७मध्ये मर्फीच्या यंत्रणेत तीन उघड आज्ञांखेरीज चौथी गुप्त आज्ञा होती: कंपनीच्या वरिष्ठाला हात लावायचा नाही. सुटका कशी होते? म्हातारा मालक गुन्हेगार अधिकाऱ्याला जागच्या जागी बडतर्फ करतो, आज्ञा लागू राहत नाही, मर्फी गोळी झाडतो. नियम मोडला नाही, नियमानेच नियम फिरला. चोख कारागिरी. रीमेकमध्ये लाल पट्टा आहे. तो मनगटावर असलेल्यावर यंत्राला गोळी झाडता येत नाही. छपरावर सेलर्स पट्टा बांधून, बंदूक हातात घेऊन उभा, बायको-मूल ताब्यात. मर्फीचा हात थरथरतो, तो जोर लावतो आणि झाडतो. का जमलं? इच्छाशक्ती. तासभर सिनेमाने बजावून सांगितलं की इच्छा हाच आत बसवलेला भ्रम आहे, आणि शेवटी त्या भ्रमानेच कुलूप उघडलं. डोपामिन खाली असताना भावना परत कशा येतात, याचंही उत्तर तसंच. नॉर्टनची माणसं आकडे बघून चकित होतात आणि आपण समजून घ्यायचं. जिथे प्रश्न कठीण झाला तिथेच पटकथा डोळे मिटते, हे जास्त लागतं, कारण प्रश्न याच पटकथेने इतका नेटका मांडला होता.

संगीत पेड्रो ब्रॉमफमनचं. बेसिल पोलेडुरिसची मूळ धून नावाच्या पाटीपाशी क्षणभर येते आणि मग नवं संगीत तिला विसरायला लावत नाही. लुला कार्व्हालोचं छायाचित्रण प्रयोगशाळेत थंड, पांढरं, नेमकं, चकमकींत अस्वस्थ.

बघायचा असेल तर क्रम असा ठेवा: आधी १९८७चा, १०२ मिनिटांचा. त्याची दिग्दर्शकीय आवृत्ती मिळाली तर ती घ्या. लांबी फारशी वाढत नाही, पण कापलेली हिंसा परत येते आणि बैठकीच्या प्रसंगातला विनोद पूर्ण कळतो. मधले १९९० आणि १९९३चे पुढचे भाग रीमेकसाठी बघायची गरज नाही. मग २०१४चा, ११७ मिनिटांचा. दोन्ही लागोपाठ मात्र नको, नाहीतर दुसऱ्याच्या दर प्रसंगात पहिला शोधत बसाल. अंधारातल्या चकमकीसाठी खोली काळोखी हवी. दिवसाउजेडी साध्या पडद्यावर त्या भागात काळ्यावर काळं दिसतं. पीजी-१३ म्हटलं तरी लहान मुलांना सोबत बसवण्याआधी आरशाचा प्रसंग स्वतः बघून घ्या. गोळीबाराने मुलं घाबरणार नाहीत. त्या उघड्या फुप्फुसांनी घाबरतील.

आणि बघताना उजव्या पंजावर लक्ष असू द्या. तो कधी काय करतो, कोणाला लागतो, चौकटीत कधी येतो. निर्मात्यांनी एवढा खटाटोप करून वाचवलेल्या त्या हाताला दुसऱ्या अर्ध्यात जवळजवळ काहीच काम दिलेलं नाही.